हुकूम सुटला, रसद अडली: रायगडचा किनारा आणि कामांच्या वाटणीचा इतिहास

१/
जानेवारी १६७५. मुरूडसमोरच्या समुद्रात, कासा नावाच्या खडकावर एक किल्ला उभा राहत होता. त्याचे नाव पद्मदुर्ग. जवळच सिद्दीचा जंजिरा. खडकावरच्या माणसांना पाणी, सरपण, धान्य, पैसा सारे काही होडीने आणावे लागे. ते कोणी द्यायचे हे ठरलेले होते, हुकूमही सुटलेला होता. तरीही रसद पोचली नाही. हुकूम आणि रसद यांच्यामध्ये काम नेमके कुठे अडले, आणि स्वराज्याच्या कारभाराने त्यावर कोणता उपाय शोधला, याचा हा धागा.

२/
आरंभ मात्र आजच्या काळातून. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतून 'ट्रेलो' नावाचे ॲप बाहेर पडले. एक फळा, त्यावर रकाने, रकान्यांत कामांच्या चिठ्ठ्या. करायचे काम, चालू काम, झालेले काम. चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायची, की साऱ्या चमूला कळते. अशा ॲपचा सांगाडा चारच प्रश्नांवर उभा असतो: काम कोणते, ते कोणाचे, केव्हापर्यंतचे, आणि ते झाले का?

३/
पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे एकदा लिहिली की संपतात. चौथा प्रश्न मात्र रोज नव्याने विचारावा लागतो. म्हणूनच अशी ॲप एकदा प्रकाशित करून भागत नाही. चमूला महिन्यामहिन्याला सुधारित आवृत्ती काढावी लागते: कोणाला आठवण कधी द्यावी, अडलेले काम कोणाच्या नजरेस आणावे, एक काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर ते कसे दाखवावे. कोड दर खेपेला बदलतो. त्यामागचा प्रश्न फार जुना आहे.

४/
या शास्त्राचा एक महत्त्वाचा टप्पा आरमाराशी जोडलेला आहे. १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी 'पर्ट' ही पद्धत घडवली. कोणते काम कोणत्या कामासाठी थांबले आहे, याचे जाळे कागदावर आखण्याची ही पद्धत. आरमार हे याचे आदर्श उदाहरण का ठरावे? कारण जहाज एकटे काहीच करू शकत नाही. त्याला लाकूड, दोर, शीड, दारूगोळा, खलाशी, पगार, पाणी हे सारे एकाच वेळी लागते. यातले एक चुकले की उरलेले सगळे बंदरात पडून राहते. कोकण किनाऱ्याने हे सत्य त्यापूर्वी पावणेतीनशे वर्षे अनुभवले होते.

५/
६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सिंहासन, छत्र, नवा शक, नवी नाणी यांची वर्णने सर्वांच्या परिचयाची आहेत. त्याच ज्येष्ठ महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. तिच्याभोवती तेज कमी असले, तरी राज्य चालण्याच्या दृष्टीने तिचे मोल मोठे. अष्टप्रधानांच्या कामांची लेखी यादी तयार झाली. तिचे नाव कानुजाबता. कानू म्हणजे कायदा, जाबता म्हणजे नियमांची नोंद.

६/
कानुजाबत्याची भाषा कोरडी आहे, आणि तेच त्याचे सामर्थ्य. पदामागून पद, आणि प्रत्येकापुढे 'हे करावे'. मुख्य प्रधानांनी सर्व राजकार्य पाहावे आणि राजपत्रांवर शिक्का करावा. सेनापतींनी सैन्य सांभाळावे, लुटीचा हिशेब रुजू करावा, फौजेतल्या लोकांचे म्हणणे वर पोचवावे. अमात्यांनी राज्याचा जमाखर्च तपासावा. सुमंतांनी परराज्यांचा विचार करावा, येणाऱ्या वकिलांचा सत्कार करावा. न्यायाधीशांनी निवाडे करावेत.

७/
यात सचिवांकडचे काम विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. राजपत्रे तपासावीत, त्यांत एखादे अक्षर अधिक किंवा उणे झाले असेल तर मजकूर शुद्ध करावा आणि मग त्यावर आपले चिन्ह करावे, असा त्याचा आशय. म्हणजे पत्र लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि शिक्का करणारा वेगळा. लिहिणाऱ्याने स्वतःच स्वतःचे लिखाण मंजूर करायचे नाही. आजच्या चांगल्या सॉफ्टवेअर चमूतही कोड लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तो वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही. कारण तेव्हाही तेच होते: स्वतःची चूक स्वतःला सहसा दिसत नाही.

८/
आठही जण लेखणीचेच धनी नव्हते. पंडितराव आणि न्यायाधीश वगळता बाकीच्या प्रधानांवर युद्धप्रसंगाचीही जबाबदारी होती. मोरोपंत पिंगळे शिक्का करत आणि मोहिमाही चालवत. अण्णाजी दत्तो सचिव होते आणि कोकणातल्या जमिनीच्या पाहणीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. चमू लहान, राज्य वाढते, आणि एकेका माणसाच्या शिरी तीन-तीन कामे. कोणत्याही छोट्या संस्थेचे बळ आणि तिचा धोका एकाच ठिकाणी असतात. ते ठिकाण हेच.

९/
यादीसोबत शब्दही बदलले. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. व्यवहारात जुने शब्द एकाएकी गेले नाहीत. खुद्द महाराजांच्या नंतरच्या पत्रांतही ते दिसतात, आणि 'पेशवे' हा शब्द तर पुढच्या शतकात साऱ्या हिंदुस्थानात गाजला. नवी आवृत्ती निघाली, तरी वापरणाऱ्यांची सवय तिच्यामागून सावकाश चालत येते.

१०/
आता गडावरून किनाऱ्यावर. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर महाराजांनी आरमाराची उभारणी हाती घेतली. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे असे जहाजांचे प्रकार दिले आहेत. दोनशे जहाजांचा एक सुभा, आणि सुभ्यांवर दर्यासारंग व मायनाक भंडारी असे अधिकारी, अशी रचनाही सांगितली आहे. दौलतखान हे आरमारातले आणखी एक मोठे नाव. मुसलमान दर्यावर्दी, भंडारी, कोळी अशा अनेक समाजांतल्या माणसांनी हे दल उभे केले.

११/
त्यांच्यासमोर होता जंजिरा. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, पाण्याने वेढलेला, मोठ्या तोफांचा, हबशी सिद्दींचा किल्ला. १६७१ मध्ये सिद्दीने दंडाराजपुरी परत जिंकून घेतली. त्याच सुमारास सिद्दी मोगलांच्या पदरी गेला, आणि सुरतेच्या बाजूने त्याला जहाजे व पैसा मिळू लागला. किनाऱ्यावरील गावांची लूट, माणसे पकडून नेणे, गलबते जाळणे हे कोकणाच्या नित्याचे दुःख झाले. जंजिऱ्याला समुद्रातूनच शह द्यायचा, तर समुद्रातच दुसरा किल्ला हवा होता. म्हणून पद्मदुर्ग.

१२/
समुद्रातील किल्ल्याचे बांधकाम म्हणजे एकात एक गुंतलेल्या कामांची साखळी. भरतीची वेळ पाहून दगड उतरवायचा, ओहोटीत पाया घालायचा. गवंड्यांना चुना हवा, चुना भाजायला सरपण हवे, सरपण आणायला होडी हवी, होडीच्या रक्षणाला आरमार हवे, आरमाराला पगार आणि धान्य हवे. साखळीच्या एका टोकाला खडकावरचा गवंडी, आणि दुसऱ्या टोकाला कित्येक कोसांवरच्या सुभ्यातला एक कारकून. दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नसायचे.

१३/
आरमाराच्या खर्चाची व्यवस्था अशी झाली. दौलतखान आणि दर्यासारंग यांना पद्मदुर्गाच्या मदतीला नेमले गेले. त्यांना द्यायचा पैसा आणि धान्य यांच्या वराता मोरोपंत पेशव्यांनी प्रभावळीच्या सुभ्यावर दिल्या. प्रभावळी म्हणजे आजच्या लांजा तालुक्यातील प्रभानवल्लीच्या आसपासचा मुलूख. वरात म्हणजे अमुक सुभ्याच्या वसुलातून अमुक माणसाला इतके द्यावे, असा लेखी हुकूम. प्रभावळीचे सुभेदार होते जिवाजी विनायक.

१४/
चार प्रश्नांच्या कसोटीवर हा हुकूम उत्तम उतरतो. काम काय? पैसा आणि धान्य पोचवणे. कोणाचे? जिवाजी विनायकांचे. केव्हा? ताबडतोब, कारण शत्रू दाराशी आहे. सांगितले कोणी? साक्षात मुख्य प्रधानांनी. लेखी, शिक्क्यासह, हिशेबाच्या शिस्तीत. कागदावर कोणतीही उणीव नव्हती. आणि तरीही दौलतखानाच्या हाती काही पडले नाही.

१५/
जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी जिवाजी विनायकांना जे पत्र लिहिले, ते शिवकालीन पत्रांतल्या सर्वांत धारदार पत्रांपैकी एक आहे. त्याचा आशय असा: वराता दिल्या असूनही तुम्ही काही पावते केले नाही, हे कळले. राजपुरीच्या उरावर पद्मदुर्ग ही दुसरी राजपुरी वसवली आहे. तिला पाणी, लाकूडफाटा, सामान पोचायला हवे, ते पोचत नाही. तिकडे हबशी चहूबाजूंनी त्या किल्ल्याला जेर करत असतील, आणि इकडे तुम्ही ऐवज न पाठवून आरमार खोळंबून ठेवता!

१६/
पुढे पत्राचा स्वर आणखी कठोर होतो. शत्रूने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असेल, म्हणूनच अशी बुद्धी झाली असेल, असा थेट संशय महाराज व्यक्त करतात. अशा चाकराला ताळ्यावर आणले पाहिजे, आणि ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजा ठेवेल असे समजू नये, असेही बजावतात. राज्याभिषेकाला जेमतेम सात महिने झालेले. नव्या छत्रपतींनी आपल्या कारभाराचा एक दंडक येथे उघड केला: काम चुकले, तर जात किंवा पद आड येणार नाही.

१७/
या पत्रातला संताप सर्वांना दिसतो. त्याहून महत्त्वाचा आहे एक लहानसा शब्दप्रयोग: 'कळले'. प्रभावळीतून धान्य निघाले नाही, हे रायगडावर कोणी तरी कळवले होते. ज्याच्यावर काम सोपवले तो स्वतः सांगणार नव्हता. सांगितले ते काम अडलेल्या बाजूने, किंवा वाटेतल्या कोणी. म्हणजे हुकूम खाली जाण्याची एक वाट होती, आणि वस्तुस्थिती वर येण्याची दुसरी. ही दुसरी वाट नसती, तर खडकावरची माणसे तहानलेली राहिली असती आणि दप्तरात मात्र सारे काही 'दिले' असेच नोंदलेले असते.

१८/
हुकूम आणि वस्तुस्थिती यांचा मेळ राखण्यासाठी मराठी दप्तराने अनेक साधी साधने घडवली होती. पत्र संपले की शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उमटे. मजकुराची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी एक ओळही वाढवायची नाही, हा तिचा अर्थ. पत्राची नोंद झाल्याची खूण वेगळी, 'बार' या शब्दाने सुरू होणारी. कितीतरी सनदांच्या शेवटी एकच सूचना आढळते: दरवर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये, नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र ज्याचे त्याला परत द्यावे. एक मूळ प्रत, अनेक नकला, आणि प्रत्येक नक्कल कुठे आहे याची माहिती.

१९/
किल्ल्यांवरही हेच तत्त्व होते. सभासदाच्या बखरीनुसार हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे तिघे बरोबरीच्या दर्जाचे. कारभार तिघांनी मिळून करायचा. कोठारांचा हिशेब कारखानिसाकडे. एकाने फितुरी करायची म्हटली, तर उरलेल्यांच्या नजरेतून ती सुटणे कठीण. याची किंमतही होती: तिघांच्या संमतीला वेळ लागतो. राज्याने तो वेळ खर्च करणे पसंत केले, कारण एक किल्ला गमावण्यापेक्षा ती किंमत कमी होती.

२०/
तरीही सगळ्या उणिवा कागदाने भरून निघत नाहीत. याच जंजिऱ्याच्या मोहिमेतली एक कथा परंपरेने सांगितली जाते. लाय पाटील या कोळी सरदाराने एका रात्री आपल्या माणसांसह जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. ठरल्याप्रमाणे मोरोपंतांच्या तुकडीने येऊन त्या शिड्यांवरून चढायचे होते. तुकडी वेळेवर आली नाही. पहाट होऊ लागली, आणि लाय पाटलांना शिड्या काढून परतावे लागले. जंजिरा अखेरपर्यंत स्वराज्यात आला नाही.

२१/
कथा पुढे सांगते की महाराजांनी लाय पाटलांना पालखीचा मान देऊ केला. समुद्रावर राहणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नावच 'पालखी' ठेवले आणि ते त्यांना दिले. कथेतला तपशील परंपरेचा आहे, पण तिच्यातले शहाणपण पक्के आहे. आपले काम चोख करूनही मोहीम फसली, तर दोष शिड्या लावणाऱ्याच्या माथी मारायचा नसतो. काम कोणी केले आणि ते कुठे तुटले, हे वेगळे करून पाहता आले पाहिजे.

२२/
प्रभावळीच्या सुभ्याकडे पुन्हा वळावे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी त्याच सुभ्याचे सुभेदार म्हणून रामाजी अनंत यांना महाराजांनी पत्र लिहिले. जिवाजी विनायकांचे पत्र वीज कडाडावी तसे, तर हे पत्र एखाद्या वडीलधाऱ्याने समजावून सांगावे तसे. भाजीच्या देठाचाही मोह धरू नये, इमानाने वागावे, असा उपदेश त्यात आहे. आणि उपदेशावर न थांबता ते काम कसे करायचे हे पायरीपायरीने सांगते.

२३/
गावोगाव फिरा. ज्या गावी जाल तिथले कुणबी गोळा करा. कोणाकडे माणूसबळ, बैल आणि बियाणे आहे ते पाहा. त्याला शेत करू द्या. ज्याच्याकडे माणसे आहेत पण बैल नाही, त्याला बैलासाठी पैसे द्या. पोटाला दाणे नाहीत, त्याला खंडी-दोन खंडी दाणे द्या. हे उसने त्याच्या कुवतीप्रमाणे हळूहळू घ्या, मुद्दलच घ्या, वाढीदिढी लावू नका. यासाठी मोठी रक्कम खर्च झाली तरी ती सरकारातून मंजूर असेल. असा या पत्राचा आशय आहे.

२४/
ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचली, की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या पत्रात सुभेदाराकडे धान्य मागितले आहे. दुसऱ्यात ते धान्य मुळात पिकावे कसे, याची तजवीज आहे. रिकाम्या कोठारावर कितीही वराता दिल्या, तरी आरमाराचे पोट भरत नाही. रसदेची साखळी समुद्रात सुरू होत नव्हती. ती प्रभावळीच्या एखाद्या कुणब्याच्या गोठ्यात, नसलेल्या बैलापाशी सुरू होत होती.

२५/
या शिस्तीची कसोटी लवकरच लागली. १६७९ च्या पावसाळ्यात मुंबईच्या तोंडाशी, थळसमोरच्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी यांनी किल्ल्याचे काम सुरू केले. मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी बेटाची नाकेबंदी करण्यासाठी जहाजे पाठवली. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला नागावच्या बाजूने दौलतखान आरमार घेऊन निघाला. त्या दिवशी 'डव्ह' हे इंग्रजांचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' मात्र तोफांच्या बळावर टिकून राहिले.

२६/
खांदेरीचा निकाल त्या एका लढाईने लागला नाही. तो लागला रसदेने. मोठ्या इंग्रजी जहाजांना उथळ पाण्यात शिरता येईना आणि वाऱ्याविना हलता येईना. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून निघत आणि बेटावर सामान उतरवून परतत. नाकेबंदी चालू असतानाच तट चढत गेला. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तडजोड करून माघार घेतली. पाच वर्षांपूर्वी पद्मदुर्गापाशी जी साखळी तुटली होती, ती खांदेरीला तुटली नाही.

२७/
३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. अष्टप्रधानांची व्यवस्था त्यानंतरही चालू राहिली, पण ती तशीच राहिली नाही. राजाराम महाराज जिंजीला असताना प्रतिनिधी हे नवे पद निर्माण झाले, कारण छत्रपती आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर पडले होते. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले. १७१४ मध्ये कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि आरमाराचे सरखेल म्हणून किनाऱ्यावर त्यांची सत्ता स्थिरावली. पदे हळूहळू वंशपरंपरागत होत गेली.

२८/
या बदलांत काही गरजेतून आलेले होते, काही मोहातून. प्रतिनिधी हे पद अंतराची गरज भागवत होते. वंशपरंपरेने मात्र कानुजाबत्याचा गाभाच पोखरला. 'हे काम कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर 'ज्याला ते जमते त्याचे' असे न राहता 'ज्याच्या वडिलांचे होते त्याचे' असे झाले. यादी तीच राहिली, पदांची नावे तीच राहिली. आतला अर्थ मात्र बदलला. व्यवस्था मोडण्याचा हा सर्वांत शांत प्रकार असतो.

२९/
जुना धडा विसरला मात्र गेला नव्हता. रामचंद्रपंत अमात्य यांचे नाव १६७४ च्या अमात्यपदाशी जोडलेले आहे. पुढे चार दशकांनी, १७१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावे आज्ञापत्र सिद्ध झाले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंगच होय, असे त्यात मानले आहे. आणि मग पैशाचा प्रश्न येतो.

३०/
आज्ञापत्र सांगते की आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून ठरवून द्यावा. आरमाराने समुद्रावर जे मिळवावे त्यावरच ते जगवू नये. कारण तसे केले की आरमारवाले पोटासाठी सावकारांना उपद्रव देतात, आणि व्यापारी येईनासे झाले की बंदरे ओस पडतात. जहाजांसाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे. १६७५ साली ज्याच्या वराता कोरड्या गेल्या, त्या आरमाराच्या अनुभवाचे सार या कलमांत उतरलेले दिसते.

३१/
कानुजाबता १६७४ चा, जिवाजी विनायकांचे पत्र १६७५ चे, रामाजी अनंतांचे १६७६ चे, आज्ञापत्र १७१६ च्या सुमाराचे. ही चार कागदपत्रे क्रमाने वाचली, तर एकाच व्यवस्थेच्या चार अवस्था दिसतात. आधी कामांची यादी. मग ती यादी पुरेशी नाही याचा कडवट अनुभव. मग काम कसे करावे याची रीत. आणि शेवटी, पुढच्या पिढीला पुन्हा तोच अनुभव घ्यावा लागू नये म्हणून लिहिलेला नियम. यादी एका दिवसात तयार होते. तिचा नियम व्हायला चाळीस वर्षे लागली.

३२/
आजच्या सॉफ्टवेअर चमूंच्या हाती जी साधने आहेत, त्यांनी निरोपाला लागणारा वेळ जवळजवळ शून्यावर आणला आहे. रायगडावरून प्रभावळीला जासूद पोचायला दिवस लागत. ॲपवरची सूचना क्षणात पोचते. अंतर सरले, पण जिवाजी विनायकांचा प्रश्न सरलेला नाही. चिठ्ठी फळ्यावर लागली म्हणजे काम झाले, असा समज करून घेणारी माणसे तेव्हाही होती. चिठ्ठीच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी तहानलेला बसला आहे, हे दिसण्याची सोय कोणत्याही ॲपला आपोआप करता येत नाही.

३३/
पद्मदुर्ग आजही मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसतो. जवळ जाऊन पाहिले, तर त्याच्या तटावर एक विलक्षण दृश्य आहे. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, आणि दगडांमधला चुना मात्र तसाच, पुढे आलेल्या रेघांसारखा उभा आहे. दगड वाहून आणणारी, चुना मळणारी, पाणी पोचवणारी बहुतेक माणसे निनावीच राहिली. त्यांनी भरलेले सांधे साडेतीनशे वर्षांनंतरही धरून आहेत.

#धागा #रायगड #पद्मदुर्ग #मराठ्यांचाइतिहास